कोऱ्या जागेतले मामा

माझ्या मामांनी आयुष्यात एकाच मांडवातलं पाणी नाकारलं, आणि तो मांडव माझ्या बहिणीच्या लग्नाचा होता. पत्रिकेत त्यांचं नाव राहून गेलं होतं. आत्या छापल्या होत्या, मावसे छापले होते, समोरचा किराणावाला छापला होता. ज्यांचं आमच्याशी नक्की काय नातं हे आमच्याच घरात कुणाला सांगता येत नाही असे एक अण्णाही छापले होते. सख्खा मामा तेवढा राहिला. मामा नायगावचे, सगळी हयात एसटीत कंडक्टर म्हणून काढलेली. आले, भाचीला हाताला धरून बोहल्यावर नेलं, अक्षता टाकल्या आणि घोटभर पाणी न पिता परत गेले. मे महिना होता. त्या दिवशी नांदेडात असं ऊन होतं की गोदावरीतले मासे घाटाच्या सावलीला येऊन उभे राहिले होते. मी स्वतः पाहिलेत. त्यातले दोघं माझ्याशी बोलले असते, पण त्यांच्याही तोंडाला कोरड होती.

पुढं तीन वर्षं मामा आमच्या दारावरून जायचे, मान वळवून. हे आधी सांगून ठेवतो, कारण माझ्या मित्रानं मला जो दगा दिला तो उघडा पडला या मामांमुळंच.

मित्र लातूरचा. विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला आम्ही चार वर्षं एका खोलीत राहिलो. एका डब्यात जेवलो, एका टॉवेलनं अंग पुसलं. परीक्षेत तर एकाच चुका दोघांनी अशा बिनचूक केल्या की सरांनी आम्हाला उभं करून विचारलं, ‘‘तुम्ही दोघं एकच मेंदू भाड्यानं घेतला काय रे?’’ त्याच्या घरचा छापखाना. आप्पा, म्हणजे त्याचे वडील, लग्नपत्रिका छापत. लातूर-उदगीर पट्ट्यात कुणाच्या घरी मुलगी वयात आली की आधी आप्पांना कळायचं, मग तिच्या बापाला.

मी शिकून पुण्याला गेलो. एका कंपनीत वेबसाइटची पानं बनवायचो. तिथं दरवर्षी एक नवा साहेब यायचा आणि एक नवी चौकट आणायचा. चौकट म्हणजे पानं बांधायची तयार पद्धत. जुन्या चौकटीतलं बटण नव्या चौकटीत चालत नसे. बटण तेच, निळं, गोल कोपऱ्याचं. पण दरवर्षी पहिल्यापासून लिहा. मी एक तारीख निवडायचं कॅलेंडर सहा वेळा लिहिलं. सहाव्या वेळेला स्वप्नात फेब्रुवारी आला आणि म्हणाला, मला तरी सोड.

तेव्हा मला वेब कंपोनंट्सचा शोध लागला. शोध जगाला आधीच लागलेला होता, मला उशिरा लागला एवढंच. गोष्ट साधी आहे. नांदेडच्या गॅरेजमधला दहा नंबरचा पाना लातूरच्या बोल्टला बसतो. कारण बोल्ट करणाऱ्यानं आणि पाना करणाऱ्यानं, एकमेकांचं तोंड न पाहता, एकच माप मानलेलं असतं. वेबवरही तसं माप ठरलंय. ते कुणाच्या बापाचं नाही, कुणीही वाचावं, कुणीही पाळावं. त्या मापानं केलेला तुकडा कुठल्याही पानावर, कुठल्याही चौकटीत चालतो, कारण तो खुद्द ब्राउझरलाच कळतो. आपण आपला नवा टॅग, म्हणजे ब्राउझरला ओळखू येणारा खुणेचा शब्द, करायचा. नावाच्या मधे आडवी रेघ मात्र पाहिजेच, म्हणजे ब्राउझरच्या घरच्या टॅगांशी गल्लत होत नाही. सोयरीक करताना आडनाव विचारतात ना, तसंच.

मी मित्राला फोन केला तेव्हा इतका ओरडलो की पुण्यातली आमची गल्ली खिडकीत आली.

‘‘अरे, एकदा लिहायचं अन् हयातभर वापरायचं! तू, मी, उदगीरचा, देगलूरचा, कुणीबी!’’

‘‘मग तिथं काय करून राहिला?’’ तो म्हणाला. ‘‘ये की इकडं. आपण पत्रिका करू. कागदाची पत्रिका आता म्हाताऱ्यालाच देतेत, बाकी सगळं मोबाईलवर. मला पत्रिका कळती, तुला हे येडपट टॅग कळतेत.’’

या एका वाक्यावर मी नोकरी सोडली. आईनं विचारलं, कंपनीनं काढलं का? मी म्हणालो, नाही, फेब्रुवारीनं काढलं.

करार झाला अहमदपूरच्या बसस्टँडवर. अहमदपूर नांदेड-लातूरच्या बरोबर मधे. लातूरकर म्हणतो ते नांदेडच्या बाजूला जरा जास्त आहे, नांदेडकर म्हणतो लातूरच्या. दोघांनाही वाटतं आपणच जास्त चाललो. भजी आली, चहा आला, आणि आमच्या तीन गोष्टी ठरल्या. एक, जे करू ते खुल्या मापानं करू. दोन, झालं की सगळ्यांसाठी मोकळं सोडू, कुणीही उचलावं आणि आपल्या पानावर लावावं. तीन, फाईलच्या डोक्यावर दोघांची नावं राहतील.

‘‘मोकळं सोडल्यावर तुझ्या आप्पांचं कसं?’’ मी विचारलं.

‘‘आरं, तुकडा फुकट असला तरी पत्रिका करून देणारा लागतोच की. रेसिपी पुस्तकात असती म्हणून आचारी उपाशी मेला का?’’ त्यानं चहाच्या ग्लासावर हात ठेवला. ‘‘आप्पाची शपथ.’’

त्या ग्लासात चहा संपलेला होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मी कामाला लागलो. नांदेडला फ्लेक्सच्या दुकानाच्या वर एक खोली घेतली. खाली बिनविरोध निवडून आलेले आणि वाढदिवस असलेले लोक दिवसभर छापले जात, वर मी. उन्हाळ्यात लॅपटॉप एवढा तापायचा की आई त्यावर कुरड्या वाळवून घ्यायची. चार महिन्यांत लग्न-पत्रिका हा टॅग तयार झाला. पानावर एवढा एकच टॅग टाकला की आख्खी पत्रिका उभी राहते: वर गणपती, मधे वधूवर, खाली मुहूर्त, मग नकाशा, मग निमंत्रक. बाहेरच्या पानाचे रंग आत शिरत नाहीत, आतला नवरदेव बाहेर सांडत नाही. आणि आत कोऱ्या जागा ठेवलेल्या. त्या जागी बाहेरून नावं बसवायची. वधूच्या जागी वधू, निमंत्रकाच्या जागी निमंत्रक.

आता नीट ऐका. त्या मापात एक सोय आहे. कोऱ्या जागेत कुणी काहीच बसवलं नाही, तर तिथं काय दिसावं हे तुकडा करणाऱ्यानं आधीच लिहून ठेवायचं असतं. चाचणी करताना निमंत्रकाच्या जागेत काय लिहावं असा प्रश्न आला, आणि मला मे महिन्यातलं ते न प्यालेलं पाणी आठवलं. मी मामांचं नाव लिहिलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, खाली ‘सेवानिवृत्त वाहक, नायगाव’ आणि त्यांचा मोबाईल नंबर. मग एसटीनं नायगावला गेलो आणि दाखवलं.

मामांनी चष्मा लावला. मोबाईल लांब धरला, जवळ धरला, पुन्हा लांब धरला.

‘‘लगीन कुणाचं हाय?’’

‘‘कुणाचंच न्हाई मामा. पण कुणीबी नाव टाकायचं विसरलं, तर तुमचं येणार.’’

मामांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग आत तोंड करून ओरडले, ‘‘अगं, पाणी आण गं. भाचा आलाय.’’ तीन वर्षांनी आम्ही एकत्र पाणी प्यालो.

फाईल मी मित्राला पाठवली. तो म्हणाला, ‘‘लई भारी! पण मोकळं सोडायला थोडं थांब. आप्पाला एकदा दाखवू दे.’’

मी थांबलो. विष्णुपुरीला कॉलेजात आमच्या सरांना मी शब्द दिला होता की येऊन पोरांना हे दाखवतो, तुमच्याच पोरांनी केलेलं आहे आणि घरी घेऊन जा म्हणून सांगतो. ती तारीख मी तीनदा पुढं ढकलली. पहिल्यांदा आप्पांना वेळ नव्हता. दुसऱ्यांदा लग्नसराई होती. तिसऱ्यांदा मित्र म्हणाला, ‘‘हाव रे, याच आठवड्यात,’’ आणि तो आठवडा अजून चालू आहे. सर शेवटच्या फोनवर म्हणाले, ‘‘असू दे, बाळा. झालं की सांग.’’ शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुण्याची नोकरी सोडून मी काय केलं, याचं माझ्याकडं जगाला दाखवायला एकच उत्तर होतं, आणि ते लातूरच्या एका ड्रॉवरमधे पडलेलं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

मग एका सकाळी मामांचा फोन आला.

‘‘भाच्या, माझ्या घरचं लगीन लातूरला हाय अन् मलाच सांगत न्हाई व्हय रं?’’

‘‘कुणाचं लगीन?’’

‘‘तेच तर इचारून राहिलो! सकाळपासून अकरा फोन आले. एक म्हणतो मंडप कुठं, एक म्हणतो गाडी कुठं लावू. औश्याची एक बाई म्हणती, जेवण कांदा-लसणाचं हाय का बिगर?’’

‘‘मग तुम्ही काय सांगितलं?’’

‘‘बिगर म्हणलो. मोठं लगीन दिसतंय.’’

फोन करणाऱ्यांपैकी एकाकडून मी लिंक मागवली. उघडली. वर गणपती, मधे वधूवर, खाली मुहूर्त, आणि निमंत्रक म्हणून माझे मामा, सेवानिवृत्त वाहक, नायगाव.

पानाचा मालक माझ्या मित्राचा छापखाना. मी आतला कोड उघडला. माझा तुकडा, पण ओळख पटू नये म्हणून यंत्रात घालून त्याचा चुरा केलेला. आख्खी फाईल एका ओळीत, नावं तोडून एकेका अक्षराची केलेली. डोक्यावरची आमची दोन नावं गेलेली, तिथं छापखान्याचं नाव आणि ‘सर्व हक्क राखीव’. त्या चुऱ्यात मधोमध, यंत्राला मराठी तोडता येत नाही म्हणून, माझे मामा अखंड उभे होते. दंगलीनंतरच्या चौकात एकटाच पुतळा उभा असतो तसे.

खरं सांगतो, तोवर मला राग आला नव्हता. घेतला तर घेतला. घेण्यासाठीच तर केला होता. मग मी तो तुकडा माझ्या एका पानावर लावून पाहिला. कोरं पान आलं. पुन्हा लावला, पुन्हा कोरं. चुऱ्यातून शोधत गेलो तेव्हा सापडलं: त्यानं आत एक पहारेकरी बसवला होता. पान छापखान्याचं असेल तरच पत्रिका दिसायची, नाहीतर नाही. कुठल्याही बोल्टला बसणारा पाना घेऊन त्यानं तो स्वतःच्या एका बोल्टला वेल्डिंग करून टाकला होता. मीच केलेली वस्तू माझ्याच घरात चालत नव्हती. तेव्हा मात्र राग आला. गेले सात महिने तो मला फोनवर ‘थांब’ म्हणत होता, आणि मी थांबलो होतो. बसस्टँडवर लोक रद्द झालेल्या गाडीची वाट पाहतात तसा.

मामांना फोन करून सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, ‘‘आपण जाऊ.’’

‘‘कुठं?’’

‘‘लग्नाला. मी निमंत्रक हाय.’’

कंडक्टरनं ठरवलं की गाडी सुटते. मामांनी इस्त्रीचं धोतर नेसलं, आणि मुहूर्ताच्या दिवशी आम्ही लातूरला पोचलो. मंडप एवढा मोठा की एका टोकाला अक्षता पडल्या तर दुसऱ्या टोकाला टाळ्या दुसऱ्या दिवशी वाजाव्यात. दारातच उलगडा झाला. नवरीला दोन चुलते. पत्रिकेत पहिलं नाव कुणाचं यावरून दोघांची एवढी जुंपली की नवरीच्या बापानं कंटाळून सांगितलं, निमंत्रकाची जागा कोरीच ठेवा, कुणाचंच नाव नको. छापखान्यानं जागा कोरी ठेवली. बाकीचं मापानं केलं.

पत्रिका गावभर गेली तेव्हा धाकट्या चुलत्याला वाटलं हा थोरल्यानं घुसवलेला माणूस, थोरल्याला वाटलं धाकट्यानं. मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडचं कुणीतरी जबरदस्त असणार, ज्याच्यापुढं दोन्ही चुलते गप्प बसले. मामा आत शिरले आणि नाव सांगितलं, तर सगळा मंडप उठून उभा राहिला. फेटा आला, शाल आली, नारळ आला. खुर्ची पहिल्या रांगेत, आणि दोन्ही चुलते मामांच्या दोन बाजूंना. म्हणे कित्येक महिन्यांनी ते एका रांगेत बसले होते.

‘‘पाणी घ्या, मामा,’’ थोरला म्हणाला.

‘‘घेतो की,’’ मामा म्हणाले, आणि तीन ग्लास प्याले.

मित्र मला मंडपाच्या मागं, आचाऱ्यांच्या बाजूला दिसला. त्यानंही मला पाहिलं. पळाला नाही. तो तसा नाहीच. पळाला असता तर मला सोपं गेलं असतं.

‘‘आलास? जेवला का?’’ त्यानं विचारलं.

‘‘आपली नावं कुठं गेली?’’

‘‘आधी जेव, मग बोलू.’’

‘‘नावं कुठं गेली रं?’’

त्यानं इकडंतिकडं बघितलं. ‘‘आप्पा म्हणले, दुकानाचं दार उघडं टाकून कुणी झोपत न्हाई. दोन छापखानेवाले आधीच टपून बसलेत. मी काय करणार?’’

‘‘मला सांगायचं.’’

‘‘सांगितलं असतं तर तू न्हाई म्हणला असता.’’

‘‘म्हणून न्हाई सांगितलं?’’

‘‘अन् तूच म्हणत होता ना, कुणीबी उचलावं? मग मी उचललं. मी कुणीबी न्हाई काय?’’

हे तो एवढ्या निरागसपणे म्हणाला की क्षणभर मलाच वाटलं, बरोबर आहे की. मग म्हणालो, ‘‘उचल म्हणलो होतो. कुलूप लाव म्हणलो नव्हतो.’’

‘‘तेवढ्यानं काय होतं?’’

‘‘कॉलेजातल्या सरांना मी तीनदा फोन केला. तीनदा. तुझ्यामुळं.’’

तेवढ्यात वाढप्यानं हाक मारली आणि तो गेला. जाताना वळून म्हणाला, ‘‘बुंदी चांगली झालीय, खा.’’ मी खाल्ली नाही. मामांच्या घराण्याचा गुण थोडा माझ्यातही असावा.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज कसनुसा.

‘‘भावा, ते तुझ्या मामाचं नाव कुठून येतंय सांग ना. निलंग्याच्या एका पत्रिकेत बी आलंय. आप्पा बेजार झालेत.’’

मग मला कळलं. त्यानं डोक्यावरची नावं पुसली, दारात पहारेकरी बसवला, पण ती फाईल आतून एकदाही वाचली नव्हती. वापरायला वाचावी लागत नाही, हीच तर त्या मापाची खुबी. आत काय आहे ते न बघता नुसता टॅग लावायचा. मी ती सोय त्याच्यासारख्यांसाठीच केली होती. आणि चुरा करताना मूळ फाईल त्यानं जपलीही नव्हती.

मला त्याला ‘नाही’ म्हणता आलं असतं. मजा आली असती. पुढची दहा वर्षं लातूर जिल्ह्यातल्या प्रत्येक भांडखोर घरात मामांना फेटा मिळाला असता. पण निलंग्याच्या त्या लग्नातल्या लोकांनी माझं काय बिघडवलं होतं? मी त्याला जागा सांगितली. एवढी खूण दिली, त्यापुढं हे अक्षर, मग मामा.

‘‘थँक्यू रं,’’ तो म्हणाला. थोडं थांबून, ‘‘राग न्हाई ना?’’

मी फोन ठेवला.

त्याच दुपारी मी माझी मूळ फाईल सगळ्यांसाठी मोकळी सोडली. कुलूप नाही, पहारेकरी नाही. डोक्यावर दोन नावांची जागा होती. एक माझं लिहिलं. दुसऱ्यापाशी बोट बराच वेळ थांबलं. पत्रिकेत कुठली ओळ कुठं असते हे शेवटी त्यानंच मला शिकवलं होतं. त्याचं नाव लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. आता आहे. मग सरांना फोन केला. ते म्हणाले, ‘‘मंगळवारी ये.’’ चौथी तारीख मी मोडली नाही.

आठवड्याभरानं मामांचा फोन.

‘‘भाच्या, फोन यायचे बंद झाले. काढलं काय रं माझं नाव त्यानं?’’

‘‘हाव मामा. त्याच्याकडचं काढलं. माझ्याकडं हाय.’’

‘‘मग आता कुणी जागा कोरी ठेवली तर त्याच्याकडं कोण येतंय?’’

मी छापखान्याचं पान उघडलं. चुऱ्यात मामा उभे होते तिथं आता दोन नवे शब्द होते. मी वाचून दाखवले.

‘‘समस्त मित्रपरिवार.’’

मामांच्या मागं एसटीचा हॉर्न वाजला. निवृत्त झाले तरी ते स्टँडवरच बसतात.

‘‘मग तुझंच नाव आलं की रं त्यात,’’ मामा म्हणाले.

मी पान बंद केलं आणि त्यांना विचारलं, तो लातूरचा फेटा अजून खुंटीवरच आहे का, की मामींनी घडी घालून ठेवला.